दुकानात ढिगानं मिळणारी गोळी सोडून काही शिकारी भलतंच काडतूस का धरून बसतात?

पेनसिल्व्हेनियात राहायला आलो तेव्हा पहिल्याच वर्षी कळलं की थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे इथल्या गावांत सणच, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस, कितीतरी शाळांना चक्क सुट्टी (२०१९ पासून हा दिवस शनिवारी आणलाय, पण जुनी माणसं अजून सोमवारच म्हणतात). आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, आमची मुलं पण त्यांना आजोबाच म्हणतात, त्यांनी त्या वर्षी मला त्यांची रायफल दाखवली. साधी, ओरखडे पडलेली, रेमिंग्टन कंपनीची ७२२, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. नळीवर कॅलिबर, म्हणजे कुठलं काडतूस चालतं ते, कोरलेलं होतं: .२५७ रॉबर्ट्स. मी आपलं सहज विचारलं की याच्या गोळ्या कुठं मिळतात, तर म्हणाले, "मिळत नाहीत. मी बनवतो."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. गावातल्या दुकानात .३०-०६, .३०८, .२७०, ६.५ क्रीडमूर यांचे डबे रचून ठेवलेले असतात, स्वस्त असतात, कामालाही उत्तम, मग एखादा माणूस मुद्दाम असं काडतूस का वापरेल जे वर्षातून एकदा कुठंतरी दिसतं? यावर माझ्याकडे मराठीत सरळ समजावून सांगणारं काही आलं नाही म्हणून लिहितोय. शिकार करावी की नाही हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो इथं काढत नाही.

आधी काडतूस म्हणजे काय ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो पण गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा, जो नळीतून बाहेर जातो. ती बसवलेली असते पितळी पुंगळीत, पुंगळीत दारू भरलेली आणि बुडाला एक छोटी टोपी, तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, ठिणगी पडते, दारू जळते, वायूचा दाब होतो आणि गोळी पुढं ढकलली जाते. पुंगळी मागंच राहते. रायफलच्या नळीच्या मागच्या टोकाला एक पोकळी असते, चेंबर, ती एकाच आकाराच्या पुंगळीसाठी कोरलेली असते, अगदी कुलूप आणि किल्लीसारखं. म्हणजे रायफल घेतली की काडतूस ठरलं, ते नंतर मनात येईल तसं बदलता येत नाही. म्हणून लोक यावर इतका विचार करतात आणि इतके भांडतात.

नावांचा तर नुसता गोंधळ आहे, आणि नवीन माणूस इथंच अडकतो. .२५७ म्हणजे गोळीचा व्यास इंचात. पण .२७० विंचेस्टरची गोळी असते .२७७ इंच आणि .२८० रेमिंग्टनची .२८४. .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची गोळी .३८ नसतेच, ती .३५७ असते. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे ३० ग्रेन दारू, .४५-७० मधला ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू, आणि .२५०-३००० मधला ३००० म्हणजे सेकंदाला ३००० फूट वेग, जो १९१५ साली जाहिरातीसाठी एवढा हवाहवासा आकडा होता की तो गाठायला ८७ ग्रेनची हलकी गोळी निवडली गेली. युरोपातली पद्धत सरळ, ७×५७ म्हणजे साधारण सात मिलिमीटरची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांब पुंगळी. (ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम.) त्यामुळे नावावरून ताकद ओळखायला जाऊ नका, फसाल.

आता मुद्द्याचं. मला एवढ्या वर्षांत एक गोष्ट पटली आहे, ती म्हणजे काडतूस कॉमन होणं आणि काडतूस चांगलं असणं याचा एकमेकांशी संबंध फार थोडा. कॉमन काडतुसांची यादी काढा आणि प्रत्येकाच्या मागं कोण उभं होतं ते बघा. .३०-०६ अमेरिकन सैन्याचं. .३०८ म्हणजे सैन्याच्या ७.६२ नाटोचा सख्खा भाऊ. .२२३ एम-१६ रायफलबरोबर आलं. .४५-७० हे १८७३ साली सैन्यानंच घेतलेलं. ९ एमएम जर्मन सैन्याचं. सैन्यानं घेतलं की कारखाने अहोरात्र बनवतात, युद्ध संपल्यावर रायफली आणि गोळ्या स्वस्तात बाजारात येतात, घरी परतलेल्या जवानाला तीच रायफल हातात सवयीची झालेली असते, आणि मग पन्नास वर्षं दुकानात तोच डबा पुढं. याच्या शेजारी एखादं अगदी गुणी काडतूस असतं, पण त्याला ना सैन्य मिळालं ना मोठी कंपनी पाठीशी राहिली, ते मागं पडतं. वाईट होतं म्हणून नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९५५ सालचं. त्या एकाच वर्षी दोन कंपन्यांनी दोन काडतुसं काढली, विंचेस्टरनं .२४३ आणि रेमिंग्टननं .२४४. दोन्हीची गोळी एकाच व्यासाची, सहा मिलिमीटरची. रेमिंग्टनची पुंगळी किंचित मोठी, म्हणजे जरा जास्त दारू मावते, कागदावर तीच सरस. पण हरली तीच, आणि हरली ती नळीच्या आतल्या आट्यांमुळे. रायफलच्या नळीत पिळाचे आटे असतात, गोळी त्यातून गिरक्या घेत जाते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. गोळी जितकी लांब आणि जड तितका पीळ घट्ट लागतो, नाहीतर ती हवेत डगमगते. रेमिंग्टनला वाटलं लोक हे छोट्या प्राण्यांसाठी, हलक्या गोळ्यांसाठी वापरतील, म्हणून त्यांनी बारा इंचांत एक फेरा असा सैल पीळ ठेवला. विंचेस्टरनं दहा इंचांत एक फेरा ठेवला आणि दुकानात ८० ग्रेनबरोबर १०० ग्रेनची गोळी पण दिली, म्हणजे एकच रायफल उन्हाळ्यात छोट्या शिकारीला आणि थंडीत हरणाला. सामान्य माणसाकडे एकच रायफल घ्यायचे पैसे असतात, तो कुठं जाईल? रेमिंग्टननं पुढं पीळ नऊ इंचांवर आणला, १९६३ मध्ये नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं, पण गाडी निघून गेली होती. आज .२४३ कुठल्याही दुकानात मिळतं आणि ६ एमएम रेमिंग्टन शोधावं लागतं, आणि ज्याच्याकडे ते आहे तो माणूस ते सोडायला तयार नसतो कारण त्याला माहितीये की हे काडतूस काडतूस म्हणून कधी हरलंच नव्हतं.

आजोबांच्या .२५७ रॉबर्ट्सची गोष्ट पण याच घराण्यातली. नेड रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९२० च्या दशकात जर्मन ७×५७ माउझरची पुंगळी घेतली, तिची मान, म्हणजे गोळी जिथं बसते तो तोंडाकडचा अरुंद भाग, आवळून .२५७ इंचाची गोळी बसवली, आणि १९३४ मध्ये रेमिंग्टननं ते कारखान्यात बनवायला घेतलं. लोक लाडानं त्याला बॉब म्हणतात, रॉबर्टचं बॉब. ११७ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला साधारण २६५० फूट, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेसं, आणि खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ च्या जवळपास निम्मा. हा धक्का फार मोठी गोष्ट आहे आणि नवीन लोक तिला किंमत देत नाहीत. जड धक्क्याच्या रायफलनं माणूस चाप ओढायच्या आधीच दचकतो, डोळे मिटतो, आणि नेम जातो, मग प्राणी जखमी होऊन रानात पळतो. याच्याइतकं वाईट शिकारीत काही नाही. आजोबा म्हणतात की त्यांच्या वडिलांनी ही रायफल घेतली ती आई, मोठी बहीण आणि हे स्वतः अशा सगळ्यांना झेपावी म्हणून, आणि तिघांनीही आयुष्यातलं पहिलं हरीण याच रायफलनं मारलं. .२४३ नं येऊन बॉबला मागं टाकलं, पण त्या घरात काही फरक पडला नाही.

आणि ही ७×५७ ची पुंगळी आपल्या ओळखीची आहे बरं का. इंग्रजांनी याच काडतुसाला .२७५ रिग्बी असं नाव दिलं, आणि १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांकडून जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच होती. म्हणजे कुमाऊंच्या डोंगरातली ती रायफल आणि आमच्या शेजारच्या गॅरेजमधली ही रायफल, दोन्हीच्या पुंगळीचं मूळ एकच. मला जेव्हा हे कळलं तेव्हा मी रात्री साडेनऊला आजोबांच्या दारात जाऊन त्यांना सांगितलं होतं.

आता "मी बनवतो" म्हणजे काय, ते त्यांनी मला एका शनिवारी शेजारी बसवून दाखवलं. टेबलाला लोखंडी प्रेस घट्ट बोल्टनं जखडलेला, त्याला एक लांब दांडा, उसाच्या चरकाची आठवण यावी असा आवाज. एक वापरलेली ७×५७ ची पुंगळी घेतली, बोटानं तिला अगदी पातळ मेण चोळलं, जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगा पडतो म्हणाले, आणि दांडा खाली दाबला. पुंगळी पोलादी साच्यात गेली, त्याच वेळी बुडातली जळकी टोपी टक् करून खाली पडली, आणि बाहेर आली ती मान बारीक झालेली. हातात घेतली तर कोमट होती. मग मान मापून बघायची, लांबी जास्त झाली तर टोक कातरायचं, नवी टोपी, तराजूवर तोललेली दारू, वरून गोळी. प्रत्येक आकडा छापील पुस्तकातून, अंदाजानं काही नाही, आणि काम चालू असताना रेडिओ बंद. दारूचा एका वेळी एकच डबा टेबलावर, कारण दोन डबे समोर असले की चुकीच्या डब्यातली दारू पडू शकते आणि तशी चूक एकदाच होते. दोन तासांत वीस काडतुसं झाली.

हे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की आपला प्रश्नच चुकीचा होता. ज्याला घरी काडतूस भरता येतं त्याच्यासाठी दुकानात काय मिळतं याला फारसा अर्थ उरत नाही. त्याला लागते पुंगळी, आणि ती दुसऱ्या कॉमन काडतुसापासून बनवता येते. .३०-०६ ची मान रुंद करून .३५८ इंचाची गोळी बसवली की झालं .३५ व्हेलन, हे १९२२ मध्ये एका कारागिराच्या वर्कशॉपमध्ये जन्मलं आणि १९८८ पर्यंत म्हणजे सहासष्ट वर्षं कुठल्याही मोठ्या कारखान्यानं ते बनवलं नव्हतं, तरी लोक एल्क आणि मूस या मोठ्या हरणांसाठी वापरत होते, कारण .३०-०६ च्या पुंगळ्या पोत्यानं मिळायच्या. अमेरिकेत पी. ओ. अॅकली नावाचे एक बंदूककार होऊन गेले, त्यांची युक्ती तर अजून भारी. चेंबर जरा जास्त सरळ भिंतीचं आणि तीव्र खांद्याचं कोरायचं, मग त्यात दुकानातलं साधंच काडतूस घालून बार काढायचा, आतल्या दाबानं पितळ फुगतं आणि चेंबरच्या आकाराचं होऊन बाहेर येतं. साच्यात ओतल्यासारखं. आता या नव्या पुंगळीत थोडी जास्त दारू मावते. शिवाय अडचण आली तर दुकानातलं साधं काडतूस त्याच रायफलमधून उडवता येतंच. .२८० अॅकली इम्प्रूव्ह्ड असंच कारागिरांकडे अनेक दशकं चालत आलं आणि २००७ मध्ये त्याला अधिकृत मापं मिळाली.

घरी भरण्याचं आणखी एक कारण आहे, जे बाहेरच्याला दिसत नाही. .२५७ रॉबर्ट्स किंवा ७×५७ यांची कारखान्यातली काडतुसं मुद्दाम कमी दाबाची असतात, कारण १८९३, १८९५ सालच्या जुन्या माउझर रायफली अजून लोकांच्या कपाटांत आहेत, त्यातून कुणी उडवलं तर फुटायला नको. त्यामुळे ही काडतुसं कागदावर मवाळ दिसतात. नव्या मजबूत रायफलमधून, पुस्तकातल्या मर्यादेत राहून भरली की तीच बरीच पुढं जातात. म्हणजे तक्ते बघून ज्यानं त्यांना नापास केलं त्यानं रायफल नाही, कंपनीची काळजी मोजली.

दुसरं मोठं कारण कायदा. आमच्या शेजारचंच राज्य ओहायो. तिथं हरणाला पेनसिल्व्हेनियासारखी जवळपास कुठल्याही काडतुसाची रायफल चालत नाही. जमीन सपाट, वस्ती दाट, गोळी लांब गेली तर कुणाच्या घरात जाईल अशी धास्ती, म्हणून वर्षानुवर्षं तिथं शॉटगन, ठासणीची बंदूक आणि हँडगन एवढंच. २०१४ पासून रायफलला परवानगी मिळाली पण काडतूस सरळ भिंतीचं पाहिजे, म्हणजे बाटलीसारखी मान नको, कारण बाटलीच्या आकाराची काडतुसं जास्त वेगाची असतात आणि गोळी लांब जाते. झालं, दीडशे वर्षांचं .४५-७० पुन्हा तरुण झालं, आणि २०१९ मध्ये विंचेस्टरनं .३५० लेजंड नावाचं नवं काडतूस काढलं ते याच कायद्याच्या चौकटीत बसेल असं. आजोबांचे धाकटे भाऊ ओहायोत राहतात, गाडीनं दीड तास, पण तिकडं जाताना बॉब घरी ठेवावा लागतो.

कायद्यानं काडतुसं जन्माला घातल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण तर आपल्याच देशातलं आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनं भारतात .४५० कॅलिबरवर बंदी घातली. कारण काय, तर सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हातात होत्या आणि शिकाऱ्यांच्या .४५० काडतुसांतल्या गोळ्या काढून त्यात वापरतील अशी भीती. पण हत्ती आणि गव्याच्या शिकारीला साहेब लोकांची आवडती रायफल .४५० चीच! मग लंडनच्या बंदूककारांनी थोडे थोडे मोठे आकडे काढले, .४६५, .४७०, .४७५, प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं. त्यातलं .४७० नायट्रो एक्स्प्रेस आज आफ्रिकेतल्या दुनाळी रायफलींचं सगळ्यात नावाजलेलं काडतूस आहे, आणि ते .४५० पेक्षा फार काही वेगळं करत नाही. एका सरकारी आदेशामुळे एवढं गणगोत उभं राहिलं.

आणि आपल्याकडचं ३१५ बोअर? उत्तर भारतात कुठल्याही परवानाधारकाच्या घरी दिसेल ती रायफल. .३०३ सैन्याचं, म्हणून सामान्य माणसाला बंदी, त्याऐवजी ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० मॅनलिशर काडतुसाशी नातं सांगणारं हे ३१५, जे सैन्याच्या रायफलमध्ये बसणार नाही. जगात बाकी कुठं ते फारसं कुणाला माहीत नाही, अमेरिकन माणसाला विचारलं तर डोकं खाजवेल, पण आपल्याकडे तेच कॉमन. (१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंदच आहे, ही रायफल आता राखणीला आणि मिरवायला.) फ्रान्समध्ये पण असंच, सैन्याचं काडतूस नागरिकाला नको म्हणून तिथले शिकारी ७×६४ वापरायला लागले आणि तेच त्यांचं घरचं झालं. म्हणून "अनकॉमन" हा शब्द वापरताना मी नेहमी विचारतो, कुठं अनकॉमन?

हँडगनचं थोडं सांगतो. पिस्तुलानं हरणाची शिकार हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटतं, पण अमेरिकेत तो रीतसर प्रकार आहे, आणि ओहायोसारख्या राज्यात रायफल बंद होती तेव्हा ती लोकांची गरजही होती. इथं लाडकं दुर्मिळ काडतूस म्हणजे .४१ मॅग्नम. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं, ते हरणाला जरा कमी वाटायचं. १९५५ च्या शेवटी .४४ मॅग्नम आलं, ते ताकदवान पण त्याचा धक्का मनगट हादरवणारा. १९६४ मध्ये दोघांच्या मधलं म्हणून .४१ काढलं, बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथ वगैरे नावाजलेल्या लोकांचा आग्रह होता, उद्देश पोलिसांसाठी. पोलिसांना ती रिव्हॉल्व्हर जड पडली आणि धक्काही सोसेना, फार थोड्या खात्यांनी ती घेतली, आणि .४४ सिनेमामुळे घराघरात पोचलं. .४१ मधल्या मधे राहिलं. पण जो शिकारी जंगलात पन्नास-साठ यार्डांवरून हरीण मारतो त्याला ते नेमकं बसतं, .४४ च्या जवळची ताकद, हाताला जरा सुसह्य, आणि गोळी थोडी सपाट जाते. .४१ वाले लोक संख्येनं कमी आहेत पण एकदा धरलं की सोडत नाहीत. यात एक छोटं व्यवहाराचं कारण पण आहे, जुन्या बाजारात अशा कॅलिबरची रायफल किंवा रिव्हॉल्व्हर पुष्कळदा स्वस्त पडते, कारण गिऱ्हाईक कमी.

एक डाव उलटा पडल्याचं पण सांगतो, १० एमएम ऑटोचा. १९८३ मध्ये आलं, काही वर्षांनी एफबीआयनं घेतलं, धक्का जास्त म्हणून मवाळ करून घेतलं, त्या मवाळ रूपातून १९९० मध्ये .४० आलं आणि १० एमएम जवळजवळ विसरलं गेलं. ज्यांनी ते जपलं ते शिकारी आणि अस्वलांच्या मुलखात फिरणारे लोक. आज ते परत दुकानांत दिसतं. ६.५ मिलिमीटरचं तसंच, स्वीडनचं ६.५×५५ हे १८९४ पासून मूस मारतंय, अमेरिकेत त्याला फार थोडे ओळखायचे, २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर आलं, तोच व्यास, तशाच लांब बारीक गोळ्या, जरा आखूड पुंगळी आणि योग्य पिळाच्या नव्या रायफली, आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतलं.

तोटे सांगितले नाहीत तर हा लेख अर्धवट होईल, आणि तोटे खरे आहेत. काही वर्षांपूर्वी आजोबा वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीला गेले, परवान्याची सोडत लागायला काही वर्षं थांबले होते. रायफलची पेटी त्यांच्याबरोबर पोचली, काडतुसांची बॅग विमान कंपनीनं दुसरीकडेच पाठवली. गावातलं एकमेव दुकान, फळीवर .२७०, .३०८, .३०-०६, क्रीडमूर, मॅग्नम सगळं. बॉब नाही. दुकानदारानं शेवटचा डबा कधी विकला ते त्याला आठवतही नव्हतं. तीन दिवसांची शिकार, त्यात एक दिवस गेला, शेवटी वाटाड्यानं स्वतःची .२७० दिली, अनोळखी रायफल, आधी दोन तास कागदावर नेम बसवून घेतला तेव्हा कुठं निघाले. परत आल्यावर ते मला म्हणाले की त्या दुकानात उभं असताना त्यांना वडिलांचा पण राग आला होता. २०२० ते २०२२ च्या टंचाईत तर आणखी वाईट, कारखाने ९ एमएम आणि .२२३ च्या मागं, बॉबसारख्याची पाळी महिनोन् महिने आली नाही, आणि घरी भरणाऱ्यांना प्रायमर मिळेनात. पुंगळी पुन्हा वापरता येते, टोपी येत नाही.

आणि गोंधळाचा धोका. .२८० रेमिंग्टनची पुंगळी .३०-०६ च्या घराण्यातलीच, पण तिचा खांदा मुद्दाम थोडा पुढं ठेवलाय, का, तर कुणी चुकून ते .२७० च्या रायफलमध्ये घालू नये, कारण त्यातली गोळी त्या नळीला मोठी आहे. इतकी काळजी घेतलेल्या काडतुसाला १९७९ मध्ये ७ एमएम एक्स्प्रेस असं नवं नाव दिलं, आणि लोक ते ७ एमएम मॅग्नम समजून नेऊ लागले, चुकीच्या चेंबरमध्ये पुंगळ्या फाटल्या. दोनेक वर्षांत जुनं नाव परत आणावं लागलं. म्हणून तुमच्या ओळखीत कुणी नवीन शिकारी असेल, पहिली रायफल घेत असेल, तर मी त्याला .३०८ किंवा .२४३ च घ्यायला सांगेन, बिनदिक्कत. बॉब हा दुसऱ्या रायफलचा विषय, किंवा वडिलांकडून आली असेल तर पहिल्याच.

यंदा आजोबा अठ्ठ्याहत्तरचे झाले. परवा गॅरेजमध्ये गेलो तर कॉफीच्या डब्यातल्या पुंगळ्या टेबलावर ओतून मोजत बसले होते. एकशे ब्याण्णव निघाल्या, एक पुंगळी सात-आठ वेळा भरता येते, वर्षाला दोन हरणं आणि नेम तपासायला दहा-बारा बार, हिशेब त्यांनीच केला आणि मान हलवली. मग दोन ढीग केले. ज्यांच्या बुडावर रॉबर्ट्सचाच शिक्का आहे त्या एकीकडे, ७×५७ चा शिक्का असलेल्या दुसरीकडे. दुसऱ्या डब्यावर चिकटपट्टी लावून जाड मार्करनं लिहिलं की या पुंगळ्यांवर काहीही छापलेलं असो, आत .२५७ आहे, दुसऱ्या कुठल्याही रायफलमध्ये घालू नये. खाली तारीख टाकली आणि नातीचं नाव लिहिलं. तिला अजून दांडा धड खाली दाबता येत नाही, बारा वर्षांची आहे, पण टोप्या तीच मोजून देते.